हँडबिलावर क्यूआर कोड टाकायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लातूरच्या गंजगोलाईत एका साडीच्या दुकानाबाहेर उभा होतो. दुकानाचं हँडबिल मीच केलेलं, त्यामुळे जरा कौतुकानंच बघत होतो. एका मावशींनी हँडबिल घेतलं, कोपऱ्यातला क्यूआर कोड पाहिला, पर्समधून फोन काढला आणि पैसे पाठवायचं ॲप उघडून कोडावर धरलं. ॲपनं सांगितलं, हा कोड चालत नाही. शेजारच्या पोराला त्यांनी विचारलं, “ह्याला दाखवलं की पैसे कटतेत का रे?” पोरगं म्हणालं, “कटत असतील.” हँडबिलाची चार पदरी घडी झाली आणि पिशवीत गेली. कोडामागं चाळीस साड्यांचे फोटो होते, भावासकट. त्यांनी एकही पाहिला नाही.

माझं डीटीपी आणि छपाईचं काम आहे. हँडबिल, लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. आता प्रत्येक दुसरा गिऱ्हाईक म्हणतो, “भाऊ, एक कोड पण टाका कोपऱ्यात.” कशासाठी, हे विचारलं की मालक गप्प. त्यांच्यासाठी आणि नव्यानं या कामात पडलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. कोड तयार करायला दोन मिनिटं लागतात. बाकीचं सगळं काम त्या दोन मिनिटांच्या आधीचं आणि नंतरचं आहे.

हा कोड आहे तरी काय

बिस्किटाच्या पुड्यावर उभ्या रेघा असतात तो साधा बारकोड. त्यात फक्त एक आकडा असतो, आपल्याकडे बहुतेक १३ अंकी. भाव, नाव, वजन हे सगळं दुकानाच्या संगणकात असतं. रेघा फक्त आकडा सांगतात. आकड्याची सुरुवात ८९० असेल तर कंपनीनं तो आकडा भारतातल्या जीएस१ संस्थेकडून घेतलाय एवढंच कळतं, माल भारतात बनला असं नाही. अशा रेघांच्या बारकोडाचं पेटंट अमेरिकेत १९५२ साली निघालं, पण दुकानात पहिला पुडा स्कॅन व्हायला २६ जून १९७४ उजाडला. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगमचं पाकीट.

जाहिरातीला हा उपयोगाचा नाही. आपल्याला लागतो चौकोनी क्यूआर कोड. जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या गटानं १९९४ मध्ये तो केला, मोटारीच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी. कंपनीनं पेटंट घेतलं, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं. म्हणून आज तुम्हाला कोड बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. “कोडाचं लायसन काढून देतो” म्हणत कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

छापील जाहिरातीतून लोकांना इंटरनेटवर न्यायची कल्पना त्याहून फार नवी नाही. २००० साली अमेरिकेत क्यूकॅट नावाचं मांजरासारखं दिसणारं यंत्र मासिकांच्या वर्गणीदारांना फुकट पाठवलं होतं. वायरनं ते संगणकाला जोडायचं, मासिकातल्या जाहिरातीवरच्या कोडावरून फिरवायचं, मग पडद्यावर पान उघडायचं. वर्ष-दीड वर्षात गाशा गुंडाळला. जाहिरात वाचायची बाजेवर पडून आणि ती उघडायला उठून संगणकापाशी जायचं, हे कोण करणार? तपासणारं यंत्र खिशातल्या फोनमध्ये आलं तेव्हाच गाडी पुढं सरकली. जपानी फोनांत ते २००२ च्या सुमारास आलं, आयफोनच्या कॅमेऱ्यात थेट २०१७ मध्ये. आपल्याकडे मात्र क्यूआर कोड घराघरांत गेला तो यूपीआयमुळे. टपरीवाल्यापासून आडतीपर्यंत सगळीकडे कोड म्हणजे पैसे. मावशींचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.

पहिली पायरी: कोड दाखवल्यावर काय उघडणार

हे कागदावर एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर कोड टाकू नका, मोबाइल नंबर मोठा छापा. तोही चांगलाच उपाय आहे.

आपल्या भागातल्या धंद्याला चार-पाचच गोष्टी खऱ्या लागतात. व्हॉट्सॲपवर थेट बोलणं. दुकानाचा नकाशा. आजचे भाव किंवा मालाचे फोटो. क्लाससाठी प्रवेशाचा फॉर्म. आणि लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचा रस्ता, ज्याची मागणी सध्या सगळ्यात जास्त आहे आणि ज्याचा उपयोगही खरोखर होतो; औसा रोडवरचं कार्यालय शोधत पाहुणे बार्शी रोडला फिरत राहिले नाहीत म्हणजे मिळवली.

वेबसाइटचं मुखपृष्ठ उघडणारा कोड कधीच टाकू नका. हँडबिलावर “खरीप बियाण्यांचे दर” लिहिलंय आणि कोड दाखवल्यावर “आमच्याविषयी” उघडतंय, वर संस्थापकांचा फोटो. शेतकरी त्या फोटोकडे किती वेळ बघेल? त्याला दर पाहिजे, तेही आत्ता, मोंढ्यात उभ्या उभ्या, डोक्यावर ऊन आणि मोबाइलला दोन काड्या रेंज असताना.

त्या दोन काड्यांचा हिशेब तुम्हीच करायचाय. बारा एमबीची पीडीएफ यादी उघडायला तालुक्याच्या गावाबाहेर चहा पिऊन होतो. यादी साध्या मजकुराच्या पानावर ठेवा किंवा फोटो लहान करा. लहान दुकानाला माझा सल्ला एकच असतो: व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. फुकट आहे, त्यात मालाचा कॅटलॉग ठेवता येतो, पहिल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं, आणि आपल्या माणसांना ते वापरायला शिकवावं लागत नाही. आयाबाया, आजोबा, सगळे व्हॉट्सॲपवर आहेतच.

फक्त नंबर कुणाचा, हे बघा. दुकानातल्या पोराचा नंबर टाकून कोड छापला आणि दिवाळीनंतर पोरानं नोकरी सोडली, असं मी दोन दुकानांत पाहिलंय. गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर गेली. सिम मालकाच्या नावावर पाहिजे आणि रिचार्ज चालू पाहिजे.

दुसरी पायरी: लिंक लहान ठेवा, आणि देवनागरीची भानगड

हा भाग जरा किचकट आहे, पण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त कोड इथंच फसतात.

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांची जाळी. आत जितकी जास्त अक्षरं, तितकी जाळी दाट. सगळ्यात लहान जाळी २१ गुणिले २१ घरांची, सगळ्यात मोठी १७७ गुणिले १७७ ची. कागदावर जागा तेवढीच असेल तर दाट जाळीची घरं बारीक होतात, शाई पसरली की एकमेकांत मिसळतात आणि फोन नुसता बघत बसतो.

व्हॉट्सॲपच्या थेट लिंकचं उदाहरण घ्या. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि दहा अंकी नंबर. सुरुवातीच्या एचटीटीपीएसपासून मोजलं तर २६ अक्षरं होतात. कोडाची १५ टक्क्यांची दुरुस्ती-पातळी ठेवली (ती काय असते ते खाली रंगाच्या भागात येईल) तर ती २५ गुणिले २५ च्या जाळीत बसतात. छान, मोकळा कोड. आता मालक म्हणतात, “मेसेज आधीच लिहिलेला येऊ द्या, नमस्कार म्हणून.” लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांत उलगडतं, टक्क्याच्या खुणा आणि आकडे मिळून. नमस्कार या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं. म्हणजे ६३ अक्षरं. वर मजकूर जोडायची सहा. एकूण ९५. जाळी झाली ४१ गुणिले ४१. एका नमस्कारापायी ६२५ घरांची १६८१ झाली! आणि “नमस्कार, मला आपल्या दिवाळी ऑफरविषयी अधिक माहिती हवी आहे” असं लिहिलंत तर मुंग्यांचं वारूळ.

यावर दोन तोडगे. पहिला, व्हॉट्सॲप बिझनेसमध्येच दुकानाची छोटी लिंक मिळते. तिच्यात सुरुवातीचा मेसेज मराठीत लिहून ठेवता येतो, कारण तो त्यांच्याकडे साठवलेला राहतो, कोडात येत नाही. फक्त नंतर ती लिंक रीसेट करू नका, छापलेले सगळे कोड मेलेच म्हणून समजा. दुसरा तोडगा, मेसेजच्या जागी रोमन लिपीतलं एक अक्षर आणि एक आकडा, बस. “ए१”. जाळी २९ गुणिले २९ वरच थांबते. या ए१ चा आणखी मोठा उपयोग आहे, तो खाली मोजणीत येईल.

नकाशाच्या लिंकचंही तसंच. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून उचललेली लिंक हातभर लांब असते. नकाशाच्या ॲपमध्ये ‘शेअर’ दाबून मिळते ती घ्या.

फुकटच्या कोडाची गोष्ट

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासचं काम होतं. दहावीचा निकाल तोंडावर, पाच हजार हँडबिलं. घाईत मी एका फुकट संकेतस्थळावर कोड बनवला. दिसायला देखणा, गोल ठिपके, मधोमध क्लासचं बोधचिन्ह. चार फोनवर चालवून पाहिला, छापला, दिला. पंधराव्या दिवशी सरांचा फोन. कोड दाखवला की इंग्रजीत पाटी येते, पैसे भरा आणि सेवा चालू करा. तीन हजार हँडबिलं अजून वाटायची होती. रात्री स्टिकर छापले, मी आणि दोघं पोरं पहाटेपर्यंत चिकटवत बसलो. स्टिकरचे पैसे अर्थातच माझे.

झालं काय होतं, तर त्या कोडात क्लासची लिंक नव्हतीच. होती त्या संकेतस्थळाची स्वतःची लिंक. ती आधी तिकडे जायची आणि तिथून क्लासच्या पानावर पाठवायची. याला डायनॅमिक कोड म्हणतात. वाईट प्रकार नाही. छापल्यावरसुद्धा आतला पत्ता बदलता येतो, किती जणांनी पाहिला ते कळतं. पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते. चौदा दिवसांची फुकट मुदत संपली की कुलूप.

स्टॅटिक कोडात तुमची लिंक थेट जाळीत कोरलेली असते. तो संपत नाही, बंद पडत नाही, कुणाला भाडं द्यावं लागत नाही. बदलता मात्र येत नाही. नव्या माणसानं स्टॅटिकच करावा.

ओळखायचं कसं? कोड बनवून झाला की स्वतःच्या फोननं स्कॅन करा आणि लिंक उघडण्याआधी पडद्यावर दिसणारा पत्ता वाचा. तुम्ही दिलेलाच पत्ता दिसला तर स्टॅटिक. तिसरंच नाव दिसलं तर थांबा. कोड ठिकठिकाणी वापरायचा असेल, पुड्यांवर, पाट्यांवर, वर्षानुवर्षं, तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या आणि तिथून वळवा. लिंक लहान करणाऱ्या दुसऱ्याच्या सेवेवर विसंबू नका. गूगलनंसुद्धा आपली तसली सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकांसाठी बंद केली.

आकार, रंग, कागद

आकाराचा नियम सोपा आहे. जितक्या लांबून दाखवायचा त्याच्या दहावा भाग. हातातलं हँडबिल फोनपासून फूटभर असतं, म्हणजे कोड तीन सेंटिमीटरचा. काउंटरवरची पाटी तीन फुटांवरून पाहणार असतील तर साडेतीन-चार इंच. दहा फुटांवरच्या फ्लेक्सला एक फूट. वर्तमानपत्रात जागेचे पैसे सेंटिमीटरवर असतात म्हणून मालक कोड नखाएवढा करायला सांगतात. ऐकू नका. अडीच सेंटिमीटरच्या खाली गेलात की रद्दीच. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, काळी घरं फुगतात.

कोडाच्या चारी बाजूंनी चार घरांएवढी पांढरी जागा मोकळी ठेवायची असते. ही गोष्ट डिझाइन करणाऱ्या पोरांना काही केल्या पटत नाही. त्यांना रिकामी जागा दिसली की तिथं तोरण, कंदील, “धमाका” असं काही तरी बसवायचंच असतं. बॉर्डर कोडाला टेकवली की फोनला कोड कुठं सुरू होतो तेच कळत नाही. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन बघून फोन कोड शोधतो आणि सुलटा करतो, म्हणून त्यांना तर हातच लावायचा नाही.

रंग काळा. मागे पांढरं. लग्नपत्रिकेत गडद मरून किंवा गडद हिरवा चालतो, मागे फिकट कागद असेल तर. भगव्यावर लाल, पिवळ्यावर सोनेरी, हे माणसाच्या डोळ्याला दिसतं, कॅमेऱ्याला नाही. सोनेरी फॉइलचा कोड तर उजेडात आरशासारखा चमकतो. काळ्यावर पांढरा उलटा कोड काही फोन वाचतात, काही नाही. गिऱ्हाइकाकडे कोणता असेल हे आपल्याला थोडंच माहीत?

बोधचिन्ह मधोमध टाकायचा हट्ट सगळ्यांचा असतो. कोडाचा काही भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणून दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्क्यांच्या. बोधचिन्ह म्हणजे आपणच मुद्दाम केलेली खराबी. मग ३० टक्क्यांची पातळी घ्यावी लागते, जाळी दाट होते, आणि पुढं घडी, डाग, पाऊस यांच्यासाठी शिल्लक काही राहत नाही. बोधचिन्ह कोडाच्या शेजारी छापा. तिथं ते मोठंही दिसतं.

छापखान्यात काय सांगायचं

कोडाची फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ घ्या. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कितीही मोठी केली तरी कडा धारदार राहतात. आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा स्क्रीनशॉट, तोही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला. तो वाटेत दाबला जातो, कडा धुरकट होतात. व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ऑफसेटवर चाररंगी काम असेल तर प्रत्येक रंगाची छपाईची प्लेट वेगळी असते, म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा: “कोड फक्त काळ्या प्लेटवर घ्या.” चार रंग मिसळून केलेला काळा असेल आणि एक प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक घराला निळी-गुलाबी सावली येते. बारा पॉइंटच्या मजकुरात ती खपून जाते, कोडात नाही. आणि कोड एका बाजूनं ओढून लांबट करू नये, हेही सांगून ठेवा. जागेत बसवायला सर्रास केलं जातं.

पेपरात घालून वाटायच्या हँडबिलाला घडी पडणारच. कोड घडीवर नको. फ्लेक्सवर कोड अगदी खाली किंवा काठाला नको, तिथं तार बांधतात, सुरकुत्या पडतात. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट पडली की कोडाच्या जागी पांढरा पट्टा दिसतो. काउंटरच्या पाटीला मॅट घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन फ्लेक्सचा रंग कसा उडवतं ते सांगायला नको. उन्हाळ्यात लावलेला कोड मृगापर्यंत पुन्हा एकदा तपासा.

कोडाखालची ओळ

मावशींचं उत्तर इथं आहे. कोडाखाली एक ओळ लागतेच, आणि तिच्यात तीन गोष्टी: काय दिसेल, कशानं बघायचं, आणि पैसे जात नाहीत.

“साड्यांचे फोटो आणि भाव पाहा. फोनचा कॅमेरा इथे धरा. पैसे कटत नाहीत.”

एवढंच. “अधिक माहितीसाठी स्कॅन करा” ही ओळ मी आता कुणालाच लावून देत नाही. अधिक माहिती कुणाला हवी असते? भाव हवा असतो. पैसे पाठवायची बरीच ॲप्स साध्या लिंकचा कोड नाकारतात, म्हणून ‘कॅमेरा’ हा शब्द स्पष्ट हवा. जुन्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात सोय नसेल तर गूगल लेन्सनं होतं, पण ते दुकानातल्या पोरानं दाखवावं. हँडबिलावर लिहीत बसू नका.

शेजारी मोबाइल नंबर छापायचाच. बटणांचा फोन वापरणारे आहेत, चष्मा घरी विसरलेले आहेत, आणि ज्यांना बोलूनच घ्यायचं असतं असे तर आपल्याकडे सगळेच आहेत.

काउंटरवर पैशाचा कोड आणि जाहिरातीचा कोड शेजारी-शेजारी लावू नका. एका कापडवाल्याकडे गिऱ्हाईक पैसे द्यायला म्हणून कॅटलॉगच उघडून बसलं, मागे सहा जणांची रांग.

तपासणी, वेळ लागला तरी

पडद्यावरचा कोड स्कॅन करून “चालतंय” म्हणणं म्हणजे गाडी जागेवर सुरू करून पाहणं. खऱ्या आकारात, शक्यतो त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, काढा. तीन फोन घ्या, त्यातला एक जुना, काचेला तडा गेलेला. दुकानाचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर बघा. बाहेर उन्हात जा. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली बघा. हँडबिलाची घडी घाला, चुरगाळा, उलगडा, पुन्हा बघा. आणि कोडाची काहीच माहिती नसलेल्या एका माणसाच्या हातात देऊन गप्प उभे राहा. तो कुठं अडतो ते डोळ्यांनी पाहा, मध्ये बोलू नका. मी हे गंजगोलाईत आधी केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

नंबर मात्र मोठ्यानं वाचून तपासा. कोडातला नंबर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे एक अंक चुकला तर प्रूफ वाचणाऱ्यालाही सापडत नाही, आणि सगळी गिऱ्हाइकं जालन्याच्या कुठल्या तरी अनोळखी माणसाला भाव विचारत बसतात.

कुठं लावायचा आणि कुठं नाही

जिथं माणूस थांबतो तिथं कोड चालतो. बसस्थानकातली बाकं, दवाखान्याची वेटिंग, रसवंतीचं टेबल, क्लासबाहेर पालक उभे असतात ती जागा, यात्रेत पाण्याच्या टाकीजवळची रांग. माळेगावच्या यात्रेत स्टॉल लावणार असाल तर गर्दीच्या वाटेवर नको, जिथं लोक टेकतात तिथं लावा. आणि तेवढ्या गर्दीत नेटवर्क कसं असेल त्याची खात्री नाही म्हणून नंबर मोठा ठेवा.

रस्त्यावरच्या होर्डिंगवर कोड टाकू नका. चाळीस फुटांवरून दिसायला चार फुटांचा कोड लागेल, आणि दिसला तरी गाडी चालवणाऱ्यानं फोन काढावा असं आपल्याला वाटता कामा नये. दुसऱ्याच्या भिंतीवर, खांबावर विनापरवाना चिकटवणं तर महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाच्या १९९५ च्या कायद्यात अडकतं. फ्लेक्सला महापालिकेची, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या.

सार्वजनिक जागी लावलेला कोड आठवड्यातून एकदा नखानं खरवडून बघा. वरून दुसऱ्या कोडाचा स्टिकर चिकटवून लोकांना फसवायचे प्रकार होतात. गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. कुणी फसलंच तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा.

फ्लॅट किंवा नोंदणीकृत प्लॉटिंगची जाहिरात करणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, जाहिरातीत प्रकल्पाचा क्यूआर कोड छापणं सक्तीचं केलंय, चुकल्यास ५० हजारांपर्यंत दंड. तो कोड महारेराकडूनच मिळतो, घरी बनवलेला चालत नाही. नव्या डीटीपीवाल्यानं बिल्डरचं काम घेताना हे आधीच विचारून घ्यावं.

किती जण आले, हे कसं कळणार

आता ते ए१. समजा सीताफळाचा गर विकणारं बीडचं एक दुकान आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या कोडात ए१, हँडबिलाच्या कोडात बी१, दुकानाबाहेरच्या पाटीवर सी१. कोड दाखवला की गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपमध्ये तेवढी दोन अक्षरं आधीच लिहिलेली येतात, त्यानं फक्त पाठवायचं. रात्री दुकान बंद करताना मालकानं वहीत तीन रकाने भरायचे. कुठलंही सॉफ्टवेअर नाही, महिन्याचं भाडं नाही. दोन आठवड्यांत पेपरच्या जाहिरातीतून चार आणि पाटीवरून तीस मेसेज आले, तर पुढच्या वेळी पैसे कुठं घालायचे ते वहीच सांगते.

मेसेज आला की उत्तर त्याच दिवशी जायला हवं. आणि आलेले सगळे नंबर उचलून ग्रुपमध्ये कोंबू नका, लोक ब्लॉक करतात. फॉर्म भरून घेत असाल तर लागेल तेवढंच विचारा, कशासाठी घेतोय ते लिहा. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा कायदा झालेला आहे, आणि क्लासच्या फॉर्ममध्ये मुलांची माहिती असते. गूगलवर रिव्ह्यू लिहायला कोड ठेवायचा असेल तर ठेवा, पण “पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या” असं छापू नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

ऑफर संपली तरी हँडबिल संपत नाही. ते फ्रिजवर, देव्हाऱ्यामागं, वहीच्या पानात सहा महिने पडून राहतं आणि एक दिवस कुणी तरी कोड दाखवतंच. त्या वेळी “दिवाळी धमाका” उघडू नये, आजचा माल दिसावा. म्हणून कॅटलॉगमधला पहिला फोटो बदलत राहा. आणि छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत वहीत चिकटवा, शेजारी तारीख, किती छापली, कोडात कोणती लिंक आणि कोणतं अक्षर. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या क्लासचं हँडबिल आहे, स्टिकरसकट.